चौकटीवरची हळद

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजसाठी सांगलीत खोली भाड्याने घेतली, तेव्हा आई कुंडलहून सोबत आली होती. सामान आत नेण्याआधी तिने दाराच्या चौकटीवर हळद-कुंकवाची पाच बोटं उठवली. नव्या घरात शिरताना आमच्याकडे तसंच करतात.

पुढे साताऱ्यात नोकरी लागली. सांगलीचं डिपॉझिट परत घेऊन तेच साताऱ्याच्या खोलीसाठी भरायचं होतं. ते घ्यायला आईही हौसेने आली. घरमालकीणबाईंनी चौकटीकडे बोट दाखवलं.

"पांढऱ्या रंगाचं काय करून ठेवलंय बघा. सगळं डिपॉझिट रंगकामातच जाईल."

"आवं बाई, पोराचं चांगलं व्हावं म्हणून लावलंया. पुसून देती की!"

आई पदर ओला करून चौकट घासू लागली. कुंकू गेलं, हळद जाईना. "सांगलीचीच हळद हाय, सोडतीय व्हय?" ती हसून म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

भाडेकरार माझ्या पिशवीत होता. एका चौकटीसाठी सगळी रक्कम ठेवून घेता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी बोलायला लागलो, तर आईने माझा हात धरला.

"चल रं. माझ्याच हातानं झालंय."

डिपॉझिट न घेताच आम्ही निघालो. साताऱ्याच्या घरमालकांनी नवं डिपॉझिट पगारातून थोडं थोडं द्यायची सवलत दिली. तिथे सामान नेलं त्या दिवशी आई हळद-कुंकवाची पुडी घेऊन दारात थांबली. बराच वेळ चौकटीकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पाच बोटं उठवली.