भट्टीवरची पुरचुंडी

लग्न होऊन फुलसावंगीजवळच्या तांड्यावर आले, तेव्हा दारूबंदीचे दिवस होते आणि माझा भाऊ पोलिसात शिपाई होता. एवढ्या एका गोष्टीने मी सासूच्या डोळ्यांत सलायला लागले. तिला मी याडी म्हणायची, म्हणजे आई. पण आईची माया तिच्या नजरेत कधी दिसली नाही.

मोहाची भट्टी लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने मला आंबलेल्या फुलांचा वास ओळखायला शिकवलं, मडक्यांचे सांधे ओल्या मातीने लिंपायला शिकवलं. फक्त फुलं भिजत घालताना ती माझ्याकडे पाठ करायची, ओढणीआडून एक पुरचुंडी काढायची आणि मडक्यात काहीतरी टाकायची.

“त्यात काय हाय, याडी?”

“तुले कायले पायजे? भावाले सांगाले?”

असा संताप यायचा! मग मीही संशय धरला. दारू कडक करायला टाकतात तो विषारी नवसागर तर नसेल? ही बाई लोकांना पाजते तरी काय? पहिली धार निघाली की पूर्वजांच्या नावाने थोडी चुलीत सोडायची रीत होती. ती रीतही सासू मला करू देत नसे.

एकदा मडक्यात न मावलेली आंबलेली फुलं तिने म्हशीपुढे ओतली. फेकायला जीव होईना तिचा. मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी म्हैस झुलत झुलत गावाच्या रस्त्याला लागली, तोंडाला मोहाचा भपकारा. रस्त्यावरच्या पोलीस जमादाराने तिला हाकललं नाही, गुपचूप मागे मागे चालत आला. म्हैस गोठ्यात शिरली आणि जमादार भट्टीवर. सगळी मडकी फुटली.

संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या दारात पंच बसले. सासू उठून म्हणाली, “हिनंच भावाले खबर देली. हिले माहेरी धाडा.”

अशी धाडलेली बाई पुन्हा नांदायला येत नाही, हे मला ठाऊक होतं. खरं बोलले असते तर सुटले असते. पण पुढे त्याच घरात, तिच्याच हाताखाली दिवस काढायचे होते.

“म्हशीले फुलं म्या टाकली,” मी म्हणाले. “मले मालूम नव्हतं. जमादार तिच्या मांगं मांगं आला. भावाले काहीच मालूम नाई.”

झुलणारी म्हैस अर्ध्या तांड्याने पाहिली होती. पंच हसले, मला चार शिव्या घातल्या आणि उठले. सासू हसली नाही. ती माझ्याकडे एकटक पाहत होती.

महिन्याभराने नवी मडकी आली. या वेळी तिने पाठ केली नाही, पुरचुंडी माझ्याच हातात दिली. आत बाभळीची सुकी साल होती. माझ्या माहेरी तर दारातच बाभळी होत्या! एवढ्यासाठी इतका लपवालपवीचा खेळ? मी साल दोनदा हुंगली, जिभेला लावली आणि तिच्या ओढणीकडे पाहिलं. दुसरी पुरचुंडी तर नाही ना?

“काहून, भरोसा नाई का अजून?”

“नाई.”

“बरं हाय,” ती म्हणाली आणि सरकून चुलीपाशी मला जागा करून दिली. “आता शिकली तू. धार निघन तवा चुलीत तूच सोडजो.”