बिनहळदीचं लगन

बोलायच्या आधी तो चष्मा काढायचा. धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा पुसायचा, चष्मा हातातच ठेवायचा आणि समोरच्याकडे बघून विचारायचा, "कोनं सांगतलं?" चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसे. एकदा हा प्रश्न त्यानं आमच्या दारात वाळत घातलेल्या लुगड्याला विचारला. ज्या आत्याचं ते लुगडं होतं, ती बाजूला उभी राहून हसत होती.

मला तो माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे, लिहिताना करणार नाही. नेहमी ज्यांचंच बरोबर असतं अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्याशी भांडताही येत नाही आणि त्यांच्या पंगतीला बसावंसंही वाटत नाही. हा तसाच होता.

आमची वस्ती घाटंजीच्या रस्त्यावरच्या एका गावाबाहेर. छप्पनच्या दसऱ्याला बाप, काका आणि वस्तीतले बरेच पुरुष नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्याबरोबर घराघरांतले देव टोपल्यात भरले आणि नाल्यात सोडले. मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, गावाच्या लग्नात डफडं वाजवणं बंद केलं. इथपर्यंत सगळं झोकात झालं. पण पुढं काय म्हणायचं, कसं बसायचं, लग्न कसं लावायचं, मयत कशी करायची, हे कोणालाच येत नव्हतं. देव गेले होते आणि कोनाडे रिकामे होते. म्हणून वणीहून प्रचारक बोलावला.

तो वणीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचा हंगाम संपला की सायकल काढायचा आणि एका गावाला एक आठवडा द्यायचा. सोमवारी यायचा, रविवारी जायचा. एवढ्या दिवसांत आख्ख्या वस्तीला धम्म शिकवायचा. आमच्याकडे तो आला वैशाखात, आणि त्याच रविवारी माझं लग्न ठरलेलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची. आजूबाजूच्या गावांतलं नव्या पद्धतीचं ते पहिलंच लग्न, म्हणून माझ्या बापानं मुद्दाम तो आठवडा मागून घेतला होता.

सोमवारी त्यानं तीन शरणं शिकवली आणि मंगळवारी पंचशील. म्हाताऱ्या बायांच्या जिभेला ते शब्द वळेनात. आत्यानं मग ते जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बसवले आणि सगळ्या बायांना एका दुपारी पाठ झाले. त्याला ती चाल मुळीच पसंत नव्हती. पण पाठ झालं होतं, आता बोलणार काय?

बुधवारी तो काकाच्या घरी गेला. काकानं रिकाम्या कोनाड्यात बुद्धाचा फोटो लावला होता. फोटोला कुंकू, पुढं नारळ, आणि मागच्या अंगणात खुंटीला एक कोंबडा बांधलेला.

"कोनं सांगतलं?" त्यानं विचारलं.

"कोनं कायले सांगाव जी?" काका म्हणाला. "पाव्हना पयल्यांदा घरी आला त कोंबडं नाई कापत का?"

प्रचारकानं चष्मा डोळ्यांवर चढवला. अंगणात गेला आणि स्वतःच्या हातानं कोंबड्याची दोरी सोडली. कोंबडा कुंपणावरून गावात पळाला तो परत काही आला नाही. गावातल्या कोणाच्या तरी रश्श्यात गेला असणार. काका पुढं कित्येक वर्षं म्हणायचा, "पंचशील आलं अन् कोंबडं गेलं."

गाव आमच्यावर दात धरूनच होतं. डफडं थांबलं तशी दुकानदारानं तेल-मीठ देणं थांबवलं, कुंभारानं मडकी थांबवली. पाटलाचा माणूस रोज संध्याकाळी काठी टेकून वस्तीच्या तोंडाशी उभा राहायचा. गुरुवारी सकाळी प्रचारकाच्या सायकलचे दोन्ही टायर कोणीतरी ब्लेडनं फाडलेले निघाले. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "बरं झालं, रविवारपर्यंत कुठं जायचंच नाई मले." भित्रा नव्हता तो. माझं त्याच्याशी वैर होतं, पण हे कबूल करायला हवं.

वैर सुरू झालं त्याच गुरुवारी. आईनं हळद कुटून वाटीत भिजवली होती. बाया जमल्या होत्या, मी पाटावर बसले होते. तेवढ्यात तो दारात आला आणि चष्मा पुसायला लागला.

"हळद लावाची हे कोनं सांगतलं?"

"माह्या मायनं," आई म्हणाली.

"तिले कोनं?"

"तिच्या मायनं."

"अन् ज्याईनं तुमाले गावाबाहेर बसोलं, त्याईच्या घरी काय लावतेत?"

आईनं वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. हळद फेकायची तर जिवावर येतं, म्हणून वाळवून ती पुढचे दोन महिने वरणात घालत होती. सासरहून पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा माझी हळद मीच वरणात खाल्ली.

पाटावरून उठता उठता मी त्याला विचारलं, "मंग लगन कायनं होते जी?"

"दोघाच्या शब्दानं. बाकी सारं खोटं."

हे वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की शुक्रवारी आणि शनिवारी त्यानं ते सगळ्या वस्तीकडून घोकून घेतलं. 'लगन म्हंजे शब्द.' लहान पोरं खेळताना तेच ओरडायची. मी चुलीपाशी बसून दात खायचे.

रविवारी माझं लग्न लागलं. पांढरी साडी आणि दोन हार. वस्तीनं ओवीच्या चालीत वंदना म्हटली, त्यानं आम्हा दोघांकडून शब्द म्हणवून घेतले आणि झालं. मुकुटबनकडून आलेल्या वऱ्हाडातली काही माणसं तोवर गाडीतून उतरतच होती. माझ्या सासूनं कोणाला तरी विचारलं, "झालं का लगन?" झालं म्हणाले. तिनं आणखी काही विचारलं नाही. माझा हात धरला आणि मला गाडीत बसवलं.

दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. तिसऱ्या वर्षी नवरा वणीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला. महिन्याला यायचा, मग दोन महिन्यांनी, मग नाहीच. शेवटी कळलं ते असं, की त्यानं तिकडं दुसरी केली. हळद लावून, बँड लावून, अगदी रीतीप्रमाणे. आणि तिला घेऊनच तो गावी आला.

पंच बसले. पंच म्हणजे कोण, तर नवऱ्याच्याच वस्तीतली चार म्हातारी माणसं, दीक्षा घेतलेली, देव नाल्यात सोडलेली. मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "इच्याशी माहं लगन कुठं झालतं? प्रचारकच म्हने, लगन म्हंजे शब्द. माहा शब्द म्या वापस घेतला."

पंचांपैकी एक जण जमिनीकडे बघत म्हणाला, "हळदबी नोती लागली. खरं हाये."

मग मी कोण? त्या दिवशी तिथं मला जो शब्द लावला गेला तो मी इथं लिहीत नाही. मला त्या माणसाच्या घरात राहायची हौस उरली नव्हती. पण माझी मुलगी कोणाची, हे तिला कोणीतरी एक दिवस विचारणार होतं. तेव्हा तिनं काय सांगायचं?

मी माहेरी गेले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन थेट वणी गाठली. जिनिंगचा हंगाम भरात होता. डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या तुसानं भरलेला तो दिसला. मी सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "तुमच्या शब्दानं झालेलं लगन मोडलं जी. आता काय करू सांगा." आणि पंचांसमोर जे घडलं ते सगळं सांगितलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाला, "चाल, पोरी."

हंगामात काम सोडून गेलास तर परत येऊ नको, असं मालकानं त्याला बजावलं होतं. हे मला फार नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी त्याला नेलंच असतं, एवढा माझा संताप होता.

माझ्या सासरच्या घरासमोर कडुनिंब आहे. सोमवारी तो त्याच्याखाली जाऊन बसला, झाडाच्या दुसऱ्या अंगाला मी मुलीला घेऊन. या वेळी त्यानं काहीच शिकवलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच विचारायचा, "ह्या पोरीचं लगन झालतं का नाई?" माणसं मान फिरवून जायची. एक जण म्हणाला, "आमाले नका गुतवू जी." दिरांनी त्याची वळकटी रस्त्यावर फेकली. कोणीतरी शेणाचं पाणी ओतलं. प्यायचं पाणी त्याला वस्तीतलं एकही घर देईना, मी विहिरीवरून आणून द्यायचे. आपल्याच लोकांच्या वस्तीत हे चाललं होतं, बघा.

पाणी मी द्यायचे आणि भांडायचेही मीच.

"तुमी हळद लावू दिली असती त..."

"हळदीनं थांबला असता का थो?"

"नसता थांबला. पन त्याले खोटं बोलाले जड गेलं असतं. गावानं पिवळी पाह्यलं असतं मले."

यावर त्यानं चष्मा काढला आणि पुसतच राहिला. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी भांडता आलं होतं.

पाच दिवस गेले, सहा दिवस गेले. रविवारी सकाळी मी मुलीला म्हणाले, आज निघायचं. तेवढ्यात सासू घराबाहेर आली. हातात पाण्याचा लोटा होता. तो तिनं प्रचारकासमोर ठेवला आणि वस्तीकडे तोंड करून उभी राहिली. फार बोलणारी बाई नव्हती ती. तीन वर्षांत माझ्याशी मोजकंच बोलली असेल.

"ही माही सून हाये," ती म्हणाली. "म्या इले हात धरून गाडीत बसोलं. तीन वर्सं इच्या हातची भाकर खाल्ली. लगन झालतं. कोनाले काई म्हनाचं असन त मले म्हना."

नवरा दारात उभा होता. तो आत निघून गेला. चारही पंच झाडाखाली येऊन बसले आणि त्यातला एक, तोच हळदवाला, म्हणाला, "माय म्हनते त झालं असन." त्यानंतर तो शब्द मला परत कोणी लावला नाही. सासू मला एवढंच म्हणाली, "त्याच्याजवळ राहू नको. पन सून माहीच." मी माहेरी आले, पुढं शिकले, बालवाडीत कामाला लागले. मुलीला शाळेत बापाचं नाव लावताना माझा आवाज खाली गेला नाही.

मुकुटबनला मोटारीची वाट बघताना प्रचारक म्हणाला, "चुकलं माहं. लगनाले दोघाचा शब्द पुरते म्हनलं म्या. थो कोनाकोनाच्या कानावर पडला, थे पाहाचं राहून गेलं."

"हो, चुकलंच तुमचं," मी म्हणाले. मोटार आली आणि मी मुलीला घेऊन चढले. सात दिवस तो माणूस माझ्यासाठी शेणाच्या पाण्यात बसला होता. एक बरा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्याची मला लाज वाटते.

त्यानंतर त्यानं जेवढी लग्नं लावली, तेवढ्यांत एक गोष्ट वाढवली. नवरानवरीचे शब्द झाले की तो नवऱ्याच्या आईला उभी करायचा. तिनं सगळ्या मांडवासमोर तीनदा म्हणायचं, 'ही माही सून'. आई नसेल तर काकूनं, काकू नसेल तर वस्तीतल्या कोणत्याही म्हातारीनं. लोक कुरकुर करायचे. हे कोणत्या पुस्तकात आहे, म्हणून विचारायचे. तो सांगायचा, "पुस्तकात नाई. एका बुढीच्या तोंडून आयकलं."

जिनिंगमध्ये त्याला पुन्हा काम मिळालं नाही. मग तो बाराही महिने सायकलवरच असायचा. एका वैशाखात दोन गावांच्या मध्ये त्याला ऊन लागलं आणि पळसाखाली सायकल उभी करून तो जो आडवा झाला तो उठला नाही. मला महिन्याभरानं कळलं. त्या दिवशी मी बालवाडी लवकर सोडली आणि घरी येऊन दार लावून रडले.

मागं एका लग्नाला घाटंजीला गेले होते. लग्न लावणारा नवखा मुलगा होता, त्यानं प्रचारकाचं नावही ऐकलं नसेल. शब्द झाले आणि त्यानं नवऱ्याच्या आईला उभं केलं. हे कशासाठी म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं, लग्नात म्हणतात म्हणून ती उठली. पदर तोंडाशी धरून, जमिनीकडे बघत, काहीतरी पुटपुटली. बायांची आपसात कुजबुज चालली होती, जेवणाच्या पंगतीकडे लोकांचं लक्ष लागलं होतं.

मी सगळ्यांत मागं बसले होते. तिथूनच म्हणाले, "मोठ्यानं म्हन वं बाई. मांगं आयकू नाई येऊन राह्यलं."

ती दचकली. सगळा मांडव माझ्याकडे वळून बघायला लागला. मग तिनं पदर खाली केला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली.