यामिनीनं मेन पाडला

यामिनी दाणी आमच्या मंडळाची प्रॉम्प्टर. दिवसा समता कॉलनीतल्या विजेच्या दुकानात. गिऱ्हाईक 'चार फुटी ट्यूब द्या' म्हणालं की ती विचारणार, "ट्यूबची पट्टी चोकवाली की डायरेक्ट?" बारीक ट्यूब दोन-तीन बोटं तोकडी पडते, जाड ट्यूबच्या पट्टीत बसत नाही, हे रोज नव्यानं समजावणार. संध्याकाळी विंगेत बसून आमच्यासारख्या विसरभोळ्या नटांची अब्रू राखणार. वा! अशी प्रॉम्प्टर नशिबानंच मिळते. लोकांसमोर मंचावर यायला मात्र ती कधी तयार नसे.

यंदा गणपतीत दुपारी रंगपूजा आटोपली आणि मंचावरची एक ट्यूब गेली. पूजेनंतर प्रयोग संपेपर्यंत मंचावर अंधार करायचा नाही, ही आमची रीत. म्हणून मेन स्विच चालूच ठेवून, फक्त ट्यूबचं बटन बंद करून, आमचा तरुण नट पुष्कर नवी एलईडी ट्यूब घेऊन लोखंडी शिडीवर चढला.

"पुष्कर, उतर," यामिनी म्हणाली. पण प्रॉम्प्टरचंच ते कुजबुजणं! शेजारी असल्यानं मला तेवढं ऐकू आलं.

"काय झालं गं?"

"काका, ते बटन फेजवर नाही, न्यूट्रलवर आहे. बंद केलं तरी पट्टीत करंट राहते. मागल्या साली मले झटका बसला होता, सगळे हसले. ही ट्यूब एकीकडून फेज घेते, दुसरीकडून न्यूट्रल. एक टोक बसलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांतही करंट येते."

मी गरजलो, "पुष्कर! हात लावू नको!"

"बटन बंद है, काका! डायलॉग शामको मारना!" पोट्टा हसला. एक टोक होल्डरात शिरलं. त्याचा हात दुसऱ्या टोकाकडे सरकू लागला.

यामिनी भर मंचावरून धावली. खटकन् मेन पडला. मिट्ट काळोख.

"अपशकुन!" कोणीतरी ओरडलं.

"होऊ दे! पोट्टा खाली येईपर्यंत कोणी मेनले हात लावायचा नाही!" तो यामिनीचा आवाज होता. मी ओळखलाच नाही.

शिडी करकरली. पुष्कर ट्यूब काढून चाचपडत उतरला. मग मेन चालू करून, बटन बंदच ठेवून, मंडळातल्याच नीलेशनं टेस्टर होल्डरात घातला. टेस्टर पेटला.

पुष्कर मटकन खाली बसला. यामिनीनं त्याचा हात ओढून घेतला आणि तळवा उलटसुलट करून पाहत राहिली.