सव्वीस रुपयांची पावती

रविवार, २३ जुलै १९६१. रक्कम सत्तावीस रुपये. हजर माणसं चार: मी, स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बायको, शेजारी, आणि त्याच दिवशी गावाहून आलेला त्याचा थोरला भाऊ. भाऊ आमच्या घरात आला, पण बसला नाही. खुर्ची होती.

भिलाईला मरोद्याच्या बाजूला पोलाद कारखान्याचे आमचे क्वार्टर एकाला एक लागून होते, मागच्या अंगणात छातीइतकी भिंत. शेजारी भट्टीवर कामाला, मी टाइम ऑफिसात हजेरी मांडायला. दोघेही वैनगंगेकडचे. तो शेतकऱ्याच्या घरचा, आम्ही छप्पन साली बौद्ध झालेले. भिलाईत हे कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. दोन वर्षांत त्याच्या घरचं पाणी मी प्यालो नव्हतो आणि त्यानंही आमचं मागितलं नव्हतं.

पाच जुलैला त्याच्या बायकोला टायफॉइडनं दवाखान्यात घातलं. दोन मुलं घरात, मोठा सहा वर्षांचा, धाकटी चारची. गावाकडे धानाची रोवणी चाललेली, त्यामुळे कुणी येईना. पहिल्या दिवशी धाकटी भिंतीपलीकडे रडत बसली. बायकोनं विचारलं, "जेवली का वं?" पोरीनं नाही म्हणून मान हलवली. बायकोनं भिंतीवरून भाकर दिली, वर वरणाची वाटी. त्या दिवसापासून अठरा दिवस मुलं दोन्ही वेळा आमच्या चुलीशी जेवली. शेजाऱ्याचा पाळीवरचा डबाही तिनंच भरला. त्यानं एकदाही नको म्हटलं नाही. डबा भिंतीवर ठेवायचा आणि उचलायचा, एवढंच.

शेजारीण बरी होऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी भाऊ आला. मुलांनी त्याला काय सांगितलं ते उघड आहे.

"बाबू," भाऊ म्हणाला, "लेकरायचे पैसे घ्या. आमी कोनाचं फुकट खात नाही."

"पैसे कोनी मागतले?" बायको दारातून म्हणाली.

"बाई, तुमाले नाही बोलून राहिलो. पैसे देऊन खाल्लं म्हनजे हाटेल. हाटेलात कोन कोनाची जात पुसते?"

म्हणजे असं होतं. फुकट खाल्लं तर संबंध होतो, गावात जाब द्यावा लागतो. विकत घेतलं तर नुसतं जेवण. शेजारी जमिनीकडे पाहत होता. त्यानं हिशेब करून आणला होता: दोन मुलं, दोन वेळा, अठरा दिवस, म्हणजे बहात्तर ताटं, चार आण्यांनी अठरा रुपये. डबे अठरा, आठ आण्यांनी नऊ रुपये. एकूण सत्तावीस.

मी त्या वेळी म्हणायला हवं होतं, चालते व्हा. ते मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "डबे सोळाच. अकरा आणि बारा तारखेला तुम्ही रजेवर होता."

आणि एक रुपया परत केला.

चुकीचा आकडा माझ्याच्यानं बघवत नाही. पण आकडा दुरुस्त केला म्हणजे हिशेब मान्य केला, हे माझ्या लक्षात यायच्या आत भाऊ म्हणाला, "मंग पावती द्या." मी ती पण दिली. 'जेवणाबद्दल रुपये सव्वीस मिळाले', तारीख, सही. रीतसर.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अजी टाइम आफिसवाले! माह्या भाकरीची बी हजेरी मांडली तुमी. आता माह्या दारावर पाटी लावा, खानावळ म्हनून." त्या पैशाचं काही शिजवणार नाही असं तिनं सांगितलं. मी ते खिळ्यांच्या डब्यात टाकले.

पावती शेजाऱ्यानं पाकिटात ठेवली आणि कँटीनमध्ये दाखवली. त्याला आपल्या माणसांची तोंडं बंद करायची होती. ती झाली असतील. पण आठवड्याभरात संध्याकाळी आमच्या दारात एक अनोळखी फिटर उभा राहिला. मी घरात पाय धूत होतो.

"बाई, महिन्याचे काय घेता? हफ्त्यातून एक दिन मटन पाहिजे."

बायकोनं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अठरा दिवस मी त्या पोरीची येनी घातली. त्याचे किती लावले तुमी?"

मी सव्वीस रुपये घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेलो. "हे घ्या, पावती परत द्या."

"कावून? हिशेब चुकता झाला ना," तो म्हणाला. "कायदेशीर."

मी त्याला शिवी दिली, त्यानं मला दिली. पुढच्या रविवारी त्यानं मधल्या भिंतीवर विटांचे तीन थर चढवले. धाकटी पलीकडून "काकू, काकू" करायची, मग चापटीचा आवाज यायचा. मी त्याच्या शिगडीच्या धुराबद्दल तक्रार लिहून दिली. त्यानं आमच्या मोरीच्या पाण्याबद्दल दिली. आम्ही दोघंही बरोबर होतो, धूरही येत होता आणि पाणीही जात होतं. सगळ्यांत वाईट वाटायचं ते बायकोकडे पाहून. ती भाकऱ्या मोजून करायला लागली होती. पूर्वी कधी मोजत नसे.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी शेजाऱ्याची पहिली पाळी होती. मी तापामुळे घरी होतो. शेजारीण पुढच्या दारानं सरळ आत आली. दुखण्यानं तिचे केस गेले होते, डोक्याला फडकं बांधलेलं. तिनं कागद बायकोपुढे धरला.

"वैनी, हा घे. त्याच्या पाकिटातून काढला. आन माहे पैसे दे."

"तुहे कावून?"

"बकरीच्या दुधाचे जमवले होते मी. दवाखान्यात पडली तं त्यानं डब्यातून काढले आन तुले दिले. मले पुसलं बी नाही." मग म्हणाली, "मी मेली असती तं लेकरं तुह्याच चुलीशी होती. माही लेकरं खानावळीत जेवली, असं मी कोनाले म्हनू देत नाही."

बायकोनं कागद घेतला आणि चुलीत घातला.

"त्याले कळलं तं मारन," बायको म्हणाली.

"कळनच. मीच सांगीन." ती चुलीशी बसली. "भाकर हाय का? आन पैसे मागशील तं पाह्य."

बायको हसली, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. शेजारीण दीड भाकर जेवली. हात धुऊन तिनं आपलं ताट घासायला घेतलं, ते बायकोनं तिच्या हातून ओढून घेतलं.

भिंत त्यानं काढली नाही. आज सात वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही, मीही बोलत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

त्या सोमवारी खिळ्यांच्या डब्यातून काढून मी पैसे मोजले. शेजारीण म्हणाली, सत्तावीस होते. मी सांगितलं, एक तुझ्या नवऱ्याला परत गेलाय, तो त्याच्याकडून घे. दिलेली रक्कम सव्वीस रुपये, शेजारणीला, तिच्याच हातात. पावती मागितली नाही.