धक्क्यावरची गाडी

आमची जुनी मोटार बायको गेल्यापासून शेडात उभी होती. लेक म्हणाली, "आबा, पाडव्याला चालू झाली तर ठेवा, नाहीतर भंगारात द्या." मीही हो म्हणून बसलो.

पाडव्याला सकाळी शेजारचे तिघे धक्का मारायला आले. मी सवयीनं गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यातला सदा म्हणाला, "आबा, इकडं काय करताय? आत कोण बसणार, तुमचा सासरा?"

मी पुढं येऊन दार उघडलं आणि चालवायच्या जागी बसलो. एरवी गाडी मीच चालवायचो, पण धक्क्याच्या वेळी बायको आत बसायची आणि मी ढकलायचो. वेग आल्यावर क्लच नेमका कधी सोडायचा हे तिलाच ठाऊक. संसारात असंच असतं. निम्मं काम आपल्याला येतच नाही, आणि ते कळतं माणूस गेल्यावर.

उतारावर कडुनिंबाचा फुलोरा काचेवर पडत होता. एकदा क्लच सोडला, गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. उतार संपला की पुढं सपाट, म्हणजे भंगारच. "आबा, आता शेवटचं," सदा ओरडला. चाकं फिरू दिली, थांबलो, आणखी थोडं थांबलो, मग पाय उचलला. इंजिन खोकलं आणि चालू झालं.

तेव्हा आरशात बघितलं. तिघे कमरेवर हात ठेवून रस्त्यात धापा टाकत उभे होते, आणि लहान लहान होत होते. इतकी वर्षं तिला मी असा दिसत होतो.