मागितलेली शांतता

मला देवीचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. सगळी वर्षं नोकरीत, संसारात, मुलीच्या शाळा-कॉलेजात गेली. रिटायर झाल्यावर तरी अमेरिकेतल्या चँडलर गावच्या या घरात रोज सकाळी तासभर अंबाबाईपुढे डोळे मिटून बसायला मिळावं, एवढंच माझं मागणं होतं. आणि नेमकं त्याच वर्षी माझ्या नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलावी लागली आणि घरात टिकटिक सुरू झाली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. अंगभर फिरलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसांत जाऊन प्राणवायू घेतं आणि डावीकडच्या वरच्या कप्प्यात परत येतं. मग खालच्या कप्प्यात उतरतं आणि तो आवळला की पुन्हा साऱ्या देहात जातं. वाटेवर झडपा असतात, रक्ताला पुढे सोडणाऱ्या आणि मागे फिरू न देणाऱ्या. यांची डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप निकामी झाली होती, म्हणून तिथे यांत्रिक बसवली. ती मिटली की टिक वाजायची.

मी देवापुढे बसायचे, हे शेजारच्या सोफ्यावर बातम्या वाचत. टिक, टिक, टिक. वर हसत विचारायचे, "लागलं का ध्यान?" मी खेकसायचे, "तुम्ही जरा पलीकडे बसा ना!" ज्या आवाजावर माझा माणूस जगत होता, त्याचाच मला जाच होत होता. एकदा तर पदर पसरून म्हटलं, आई, एवढा आवाज तेवढा घालव.

त्या हिवाळ्यात परसात मेथी-पालक उदंड आला. पालेभाजीनं रक्त वाढतं, हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे रोज ताटात पालेभाजी. पालेभाजी एकदम वाढवली तर झडपेसाठी रोज घ्यायच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर कमी होतो, हे आम्हाला बजावलं होतं. मी मान डोलावली होती आणि साफ विसरले होते. बोट टोचून करायची रक्ताची टेस्टही यांनी दोनदा पुढे ढकलली.

आणि एका सकाळी डोळे मिटले, तर आवाजच नाही! अहाहा, काय शांतता होती ती. मला वाटलं, साधना फळाला आली, आता बाहेरचं काही आपल्यापर्यंत पोचत नाही. चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा करून देवीला नैवेद्य दाखवला. हे मेलबॉक्सपर्यंत जाऊन आले तरी धापा टाकत होते, ते मला दिसत होतं. "म्हातारे झालात," म्हणून मीच चिडवलं.

त्याच दुपारी गोळ्या आणायला आम्ही फार्मसीत गेलो. बाकावर यांच्या शेजारी वॉकर घेतलेली एक अमेरिकन म्हातारी बसली होती. यांच्या हातातलं, झडपेची माहिती कोरलेलं मेडिकल ब्रेसलेट वाचून ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही अशीच झडप होती. जेवताना टेबलापलीकडून ऐकू यायची." मग थोडी वाकली. "तुमची का ऐकू येत नाही?"

कोण कुठली बाई, असं माझ्या मनात आलंच. पण तिनं माझा हात धरला. "डॉक्टरांकडे न्या. आत्ता. उद्या नको."

गाडीत बसल्यावर मी यांच्या छातीला कान लावला. टिक नव्हती. आत काहीतरी बद्द, दबलेलं हलत होतं. मी तडक इमर्जन्सीत नेलं. झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. त्यामुळे झडप नीट उघडत-मिटत नव्हती आणि रक्त फुप्फुसांत तुंबत होतं. त्यांना लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर बसून मी देवीकडे काय मागणार होते? माझं मागणं तर तिनं पुरं केलं होतं. नुसते हात जोडून बसले.

हे वाचले. गाठीचा एक कण मात्र मेंदूकडे गेला होता. उजवा हात अजून वळत नाही, जेवताना सांडतं, आणि सांडलं की ते माझ्याकडे बघत नाहीत. त्यांची ही अवस्था मी केली, ही बोच माझ्याबरोबरच जाईल. त्या बाईंना शोधायला मी फार्मसीत कितीदा गेले, पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या, याचा खल मी करत नाही. रोज दिवा लावते तेव्हा त्यांच्यासाठी हात जोडते.

या वेळी झडप प्राण्याच्या ऊतींची बसवली. कुठल्या प्राण्याची, ते मी विचारलं नाही. तिचा आवाज येत नाही. घर आता अगदी शांत असतं, मी मागितलं होतं तसं. मी देवीपुढे बसते, डोळे मिटते आणि दोन मिनिटांत उठून सोफ्याशी जाते. यांच्या छातीला कान लावते. आत हृदय धडधडत असतं. माझ्या हातात त्यातलं काहीही नाही, आणि तरी ते चालू आहे. मी तशीच टेकून राहते. डाव्या हातानं हे माझ्या केसांवरून हात फिरवतात आणि विचारतात, "लागलं का ध्यान?"

मी म्हणते, "हो. बोलू नका."