बारावी पलटण

आमच्या गल्लीत अशी बातमी आहे, की माझी आत्या मेलेल्या माणसांच्या दातांतली चांदी वितळवते आणि तिची जुनी नाणी पाडते. कोपऱ्यावरची शिवणवाली हे सांगताना आवाज इतका खाली नेते, की ऐकणाऱ्याला कान तिच्या तोंडातच घालावा लागतो. "अगं, ह्या डोळ्यांनी पाहिलंय मी. भट्टी आहे तिच्याकडे. भट्टी!"

भट्टी आहे. बाकी सगळ्या थापा. आत्या दात बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, आत्या त्यावर मापाचे दात घडवते आणि भट्टीत भाजते. तिची गिऱ्हाइकं चांगली जिवंत असतात आणि रोज तक्रारी करतात. नाणी मात्र आहेत. एकवीस आहेत, आणि एकही तिने पाडलेलं नाही.

ही नाणी कसली, ते एकदाच सांगते, कारण मला आत्याने शंभरदा सांगितलंय. दोन हजार वर्षांपूर्वी एका रोमन सेनापतीने लढाईच्या तोंडावर शिपायांच्या पगारासाठी ती पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मधोमध गरुड आणि पलटणीचा आकडा. चांदीत तांबं मिसळलेलं, म्हणून लोकांनी चांगली चांदी दडवून ठेवली आणि ही नाणी खर्चत राहिले. इतकी फिरली, की गरुडाची कोंबडी झाली. "म्हणून तर मला परवडतात," असं आत्या म्हणते, तेही नाकातून; नक्कल करायला सोपं.

दातांचे नमुने ठेवायची एक लाकडी पेटी आहे, तिच्यात तिने बावीस गोल खळगे केलेत. दुसऱ्या पलटणीपासून तेविसाव्यापर्यंत. एकवीस भरलेत. बाराव्या खळग्यात नुसती लाल मखमल. बाबा पाहुण्यांना सांगतात, "आमच्या ताईची बारावी राहिली आहे," आणि एकटेच हसतात.

आता बारावी पलटण कुठे होती? समोरच्या चष्म्याच्या दुकानात! चष्मेवाल्याने दुकान घेतलं तेव्हा जुन्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये त्याला ते नाणं सापडलं. त्याच्याकडे आयुष्यात तेवढं एकच नाणं, आणि त्याचं तो काय करतो? गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढवला की नाणं हातात देतो.

"वाचा बघू खाली काय आहे ते."

"फुली... आणि दोन रेघा?"

"म्हणजे बारा! शाब्बास! दोन हजार वर्षांपूर्वीचा आकडा वाचलात तुम्ही, आता बसचा वाचणार नाही का? बरोबर ना?"

दिवसाला दहा-बारा अंगठे त्या गरुडावरून फिरतात. आत्या आपल्या खिडकीतून, हातात कुणाचा तरी वरचा जबडा धरून, हे बघते. तिचे डोळे ठणठणीत आहेत, तरी दोन वर्षांत तिने त्याच्याकडून तीन चष्मे केले. नाणं तीनदा हातात मिळालं. दर महिन्याला ती विचारायला जाते आणि दर महिन्याला तो म्हणतो, "नाही हो ताई. धंद्याचं हत्यार आहे. तुम्ही भट्टी विकाल का? बरोबर ना?"

मग घरी येऊन भांडी आपटणं.

"एकच नाणं! त्याला कळतं तरी का त्यातलं? आणि तेही माझं!"

"तुझं कसं गं, आत्या?"

"बाकीची एकवीस कुणाकडे आहेत? मग ते कुणाचं झालं?"

बाबांनी एकदा तिच्यासाठी दुसरं बारावं शोधायचं कबूल केलं, तर ती फणकारली, "नको. मला ते हवंय."

आणि एक दिवस चष्मेवाल्याने शटर खाली ओढलं ते स्वतःच्याच तोंडावर. समोरचे दोन दात गेले. डॉक्टरांनी साचा आत्याकडे पाठवला आणि दातांचा रंग जुळवायला खुद्द त्यालाच धाडलं. तो आला, तोंडावर रुमाल धरून. दोन दातांच्या फटीतून त्याचा "बरोबर ना" शिट्टीसारखा वाजत होता. मला तो हुबेहूब वाजवता येतो.

आत्या गोड झाली. इतकी गोड, की मला काळजी वाटली. "दात असे करते, की तुम्हालाच ओळखू येणार नाहीत. फक्त एक करा. ते नाणं एकदा द्या. साचा काढते आणि लगेच परत करते."

त्याने खिशातून चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं नाणं काढून दिलं. आत्याने जबड्याचा साचा काढायच्या गुलाबी लगद्यात ते दाबलं, दोन मिनिटांत उचललं, पुसून त्याला परत केलं. तो गेल्यावर त्या साच्यात तिने पिवळं प्लास्टर ओतलं.

"हे आता बाराव्या खळग्यात?" मी विचारलं.

"खोटा दात तोंडात चालतो. खोटं नाणं पेटीत नाही चालत. मला फक्त बघायचंय."

दात भाजून डॉक्टरांकडे गेले, तोवर प्लास्टरही सुकलं. धातू चमकतो, त्यामुळे डोळा फसतो. प्लास्टर चमकत नाही. आत्याने ते दिव्याखाली तिरपं धरलं. मग भिंग घेतलं. मग माझी मान धरून मलाही वाकवलं.

"दुसऱ्या रेघेनंतर बघ. काय दिसतं?"

तिथे एक उभा सपाट पट्टा होता, त्यावर केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने.

"घासलंय," आत्या म्हणाली. "मी आयुष्यभर दात घासून बसवलेत, मला घासलेलं कळत नाही का? इथे तिसरी रेघ होती. हे तेरावं आहे! कुणीतरी तेराचं बारा केलंय." आपल्यासारख्याच कुणा जळक्याला विकायला, असं ती म्हणाली नाही. मी म्हणाले.

तेरावं तिच्याकडे आहेच. दोन वर्षं ती जळली ती स्वतःच्या पेटीतल्या नाण्यासाठी!

तिचा चेहरा असा उजळला, की मी म्हटलं, "उद्या तू दात कसे बसले ते बघायच्या निमित्ताने जाणार आणि भर दुकानात त्याला हे सांगणार."

"नाही सांगणार."

"पैज?"

"पैज. तू हरलीस तर महिनाभर तोंडाने माझी नक्कल करायची नाही. जिंकलीस तर माझ्या तीन चष्म्यांतला हवा तो घे."

दुसऱ्या दिवशी मी चष्मा निवडूनच तिच्याबरोबर गेले. चष्मेवाला नवे दात बसवून आरशासमोर उभा होता. तोंड उघड, मीट, उघड. शिट्टी बंद झाली होती. आत्याला बघताच त्याने नाणं फडक्यासकट तिच्या हातात ठेवलं.

"ताई, घ्या. पैसे नकोत. तुमची पेटी पुरी होईल. मी काय, लोकांना वर्तमानपत्र देईन वाचायला. बरोबर ना?"

आत्याने तोंड उघडलं. मी टाचा उचलल्या. आत्याने तोंड मिटलं. मग फडकं परत त्याच्या हातात दिलं.

"राहू द्या. धंद्याचं हत्यार आहे."

"अहो, पण दोन वर्षं तुम्ही..."

"तुमच्याकडेच बरं दिसतं," असं म्हणून ती तरातरा रस्ता ओलांडून आमच्या दारापर्यंत आली. मग पायरीवरच फुटली.

"किती सहज दिलं गं! बारावी समजून दिलं त्याने! माझ्याकडे दोन बाराव्या असत्या, तरी त्यातली एक मी त्याला दिली नसती. हे असलं मन कुठून आणतात लोक? नाण्यावर जळत होते तेव्हा निदान झोप तरी लागत होती."

वर जाऊन तिने पेटी उघडली, रिकाम्या खळग्यावरून अंगठा फिरवला आणि धाडकन बंद केली. खिडकीतून पुन्हा समोर बघायला लागली. समोर नव्या दातांचं हसू चाललं होतं.

महिना संपायला अजून सव्वीस दिवस आहेत. तोंड बंद आहे. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलेलं नव्हतं.